नवऱ्याला पुस्तकात काय म्हणायचं? 'स्वतः', 'टिळक' आणि 'भाई'

पानखूण

गेल्या दोन महिन्यांत तीन पुस्तकं लागोपाठ वाचली. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) आणि सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०). तिघींचेही नवरे नावाजलेले, आणि तिघींनीही नवऱ्याबद्दल भरभरून लिहिलंय.

रमाबाई नवऱ्याचा, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचा, उल्लेख 'स्वतः' असा करतात. सुरुवातीची पानं मी अक्षरशः अडखळत वाचली. प्रत्येक 'स्वतः'पाशी थांबायचं, हे कोणाबद्दल चाललंय ते बघायचं, मग पुढे जायचं. इंग्रजी अनुवादाचं नावच 'हिमसेल्फ' आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याला, कवी नारायण वामन टिळकांना, सरळ 'टिळक' म्हणतात, सुनीताबाई पु. ल. देशपांड्यांना 'भाई'.

माझी मैत्रीण म्हणाली, रमाबाईंच्या पुस्तकात नुसती आरती आहे. मला हे मुळीच पटत नाही. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, रानडे एकतीसचे. पहिली बायको नुकतीच गेलेली, हे लग्न त्यांना नको होतं, वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. हे सगळं बायकोनंच लिहून ठेवलंय! इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायका किती टोचून बोलायच्या, तेही. आरती ओवाळणारी हे कशाला लिहील?

तुम्हाला काय वाटतं? कादंबरी वाचतानाही तुम्ही हे बघता का, कोण कोणाला काय म्हणतंय?

शाईपेन

अगं, पण 'स्मृतिचित्रे'शेजारी ठेवलं की रमाबाई दबूनच लिहितात असं वाटतं. टिळक न सांगता घर सोडून जायचे, हातात पैसा टिकत नसे, आणि बाई हे सगळं हसत सांगतात. प्रेम कुठे तसूभर कमी होत नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षं मी दोनदा वाचली. नवरा गेला त्या वाटेनं लगेच गेल्या नाहीत, स्वतःला पटेपर्यंत थांबल्या. रमाबाईंच्या पुस्तकात असा एखादा प्रसंग दाखव.

दुसरी आवृत्ती

कादंबरीचं विचारलंस म्हणून. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) परवाच तिसऱ्यांदा संपवली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पहिल्याच वाक्यात आपलं नाव सांगून मोकळा होतो. पुढे ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' येत राहतात. विशीत मला ती गंमत वाटायची, आता ती त्याची ढाल वाटते. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते त्या पानांवर मात्र ढाल पुरत नाही. तिथं मला नेहमी पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

आणि दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' (१९७८) कसं विसरलीस? तिथं दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसलेली. आत्मकथनाला ही मांडणी लागली, कारण शिकलेल्या दयाला दगडूची लाज वाटते आणि दगडूला ते कळतं. निदान मी तरी ते असं वाचलं.

रिकामा समास

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) घ्या. नावातच 'आमुचं' आहे. पुस्तकभर दलित वस्ती बोलते, बायका बोलतात, बाईंचा स्वतःचा नवरा जवळजवळ नाहीच. लिहिलेले कागद त्यांनी कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवले होते. नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांबद्दल त्या बोलल्या ते पुढे, अनुवादासाठी दिलेल्या मुलाखतीत. त्यामुळे नवऱ्याला काय म्हटलंय हे बघताना, कोणी नवऱ्याला पुस्तकात घेतलंच नाही तर तेही बघायला हवं.

पानखूण

@रिकामा समास, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नावं मोजत बसले आणि मोकळ्या जागा सोडून दिल्या.

@शाईपेन, प्रसंग दाखवते, फक्त थांब. रमाबाई पुन्हा काढल्यात. या वेळी पेन्सिल घेऊन बसलेय. जिथे 'स्वतः' येतं त्याच्या पुढच्या वाक्यात 'मी' काय करते, तेवढंच टिपतेय. माझा अंदाज असा की त्यांचा नकार तिथंच कुठेतरी आहे, आवाज न चढवता केलेला. नाही सापडला तर इथं येऊन तसं सांगेन. 'जिणं आमुचं' त्यानंतर लगेच.