गड्डा यात्रेचा इतिहास स्मरणिकेसाठी: क्रम, मान आणि तारखा नीट कशा लिहायच्या?

होटगीरोड_४ (मूळ प्रश्न)

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर, म्हणजे गड्डा यात्रेवर, दोन पानं ठेवली आहेत. सोसायटीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी सगळीच घरं आहेत, म्हणून विषय ‘सर्वांची यात्रा’ असा ठरला. जमवलेल्या मजकुरात मात्र एकाला एक मेळ नाही. कुठे अक्षता संक्रांतीला, कुठे भोगीला. कुठे यात्रा १२ तारखेपासून, कुठे १३ पासून. ‘९०० वर्षांची अखंड परंपरा’ हे वाक्य सगळीकडे आहे, आधार कुठेच नाही. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) कुणाकुणाचे, कोणत्या दिवशी काय, आणि यात्रेच्या वयाबद्दल काय लिहिलं तर कुणी बोट ठेवणार नाही, एवढं हवं आहे. आठवणी नकोत, त्या भरपूर जमल्यात.

बाळीवेसकर

आधी दिवस लावून घ्या. इंग्रजी तारखांवरून लावाल तर दर दोन-तीन वर्षांनी चुकाल. संक्रांत धरून लावा.

भोगीच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक. सकाळी बाळी वेशीतल्या हिरेहब्बू या मानकरी घराण्याच्या वाड्यातून नंदीध्वज निघतात आणि शहर प्रदक्षिणा होते. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. संक्रांतीला तलावात गंगास्नान आणि रात्री होम मैदानावर होमप्रदीपन. किंक्रांतीला रात्री शोभेचं दारूकाम. त्याच्या दुसऱ्या दिवशी मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांचा साज उतरवून सांगता. संक्रांत १४ ला असली की हे १२ ते १६ बसतं, १५ ला असली की १३ ते १७. तुमच्या दोन्ही तारखा आपापल्या वर्षी बरोबर आहेत. ‘अक्षता संक्रांतीला’ ही चूक मात्र बाहेरगावच्या लेखांत नेहमीची. अक्षतांचे फोटो संक्रांतीच्या अंकात छापून येतात, त्यावरून झालेली दिसते.

आता मान. पहिला नंदीध्वज देवस्थानचा, तो हिरेहब्बूंकडे. दुसरा कसब्यातल्या देशमुखांचा. तिसरा लिंगायत माळी समाजाचा. चौथा आणि पाचवा विश्वब्राह्मण समाजाचा. सहावा आणि सातवा मातंग समाजाचा. मिरवणुकीत हाच क्रम राहतो, तो स्मरणिकेत उलटासुलटा करू नका. फोटोखाली ‘मानाची काठी’ एवढंच लिहून भागत नाही, कितवी ते लिहा.

संमती वाचनाचा मान शेटे घराण्याकडे आहे. सुगडी पूजन होतं, मग संमती वाचली जाते आणि ‘सत्यम सत्यम, नित्यम नित्यम’ म्हटलं की अक्षता पडतात. लग्न लागतं ते सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे ज्यांच्या नावाने यात्रा भरते त्या सिद्धेश्वरांच्या, योगदंडाशी. कुंभाराच्या मुलीने लग्नाचा हट्ट धरला, योग्याला संसार करता येईना, म्हणून त्यांनी योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, अशी कथा. होमाच्या रात्री बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, सौभाग्याचे अलंकार घालून अग्नी देतात, ती हीच कुंभारकन्या. ही कथा नीट सांगितली नाही तर वाचणाऱ्याला भोगीचं लग्न आणि संक्रांतीचा होम हे दोन वेगळे कार्यक्रम वाटतात.

सोन्नलगी

बाळीवेसकरांचा क्रम बरोबर. वयाबद्दल मी सांगतो.

सिद्धरामेश्वर १२ व्या शतकातले, बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्यांच्या कन्नड वचनांत त्यांची मुद्रा, म्हणजे रचनेत येणारी ओळखीची सही, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. त्यांचं चरित्र कन्नड कवी राघवांकाने षट्पदी या सहा ओळींच्या छंदात लिहिलं आहे. गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. तलाव, ६८ लिंगं, अष्टविनायक आणि अष्टभैरव ही कामं परंपरा त्यांच्या नावावर देते. भुईकोट किल्ला बहामनी काळातला, १४ व्या शतकातला. म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या हयातीत तो तिथे नव्हता. एका लेखात ‘किल्ल्याशेजारी तलाव खोदला’ असं वाक्य पाहिलंय, ते उलटं आहे.

हे धरून ‘१२ व्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या कथेवर उभी असलेली यात्रा’ असं लिहा. ‘९०० वर्षं अखंड’ यातला ‘अखंड’ शब्द काढा. संत केव्हाचे हे एक, कथा केव्हा रुजली हे दुसरं आणि सात काठ्या, ठरलेला मार्ग, होम मैदान ही आजची रचना तिसरं. एका आकड्यात ही तिन्ही कोंबली की लेख फसतो. १९ व्या शतकासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड काढून बघा, १८८४ चा आहे, २० वा खंड.

तारखेचं कारणही चौकटीत टाका, लोक विचारतात. संक्रांत सूर्याच्या निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) मकर प्रवेशावर आहे. ते वर्ष ३६५ दिवसांहून सहा तास आणि वर थोडी मिनिटं एवढं असतं. सहा तासांमुळे प्रवेशाची वेळ दरवर्षी पुढे जाते आणि लीप वर्ष तिला मागे खेचतं, म्हणून १४-१५ ची अदलाबदल. उरलेली मिनिटं आणि इंग्रजी कॅलेंडरने शतकाअखेर गाळलेली लीप वर्षं मिळून साधारण सत्तर वर्षांत एक दिवस सरकतो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. म्हणून जुन्या कागदात यात्रा आजच्यापेक्षा एक-दोन दिवस आधी दिसली तर छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

होटगीरोड_४

दोघांचेही आभार. एक अडतंय. सात मानांत तेलुगू पद्मशाली (विणकर समाज) नाहीत, मुस्लिम नाहीत. मग ‘सर्वांची यात्रा’ हे शीर्षक ठेवायचं कशावर? संपादक मंडळ म्हणतं ‘सर्वधर्मसमभावाचं प्रतीक’ लिहून मोकळे व्हा.

सोन्नलगी

तसं लिहाल तर दोन पानं वाया गेली समजा. मानांची यादी पुन्हा वाचा: देशमुख, माळी, विश्वब्राह्मण, मातंग, शिवाय कथेतला कुंभार. हा जुन्या कसब्याचा गावगाडा आहे. वतनदार, बागाईत करणारे, लाकूड-लोखंड-सोन्याचं काम करणारे, मातंग, मडकी घडवणारे. गाव ज्यांच्या कामावर चालायचं त्यांच्या खांद्यावर काठी आली. बंधुभावाच्या भाषणातून ही यादी निघालेली नाही, आणि म्हणूनच ती टिकली. पाचव्या काठीशिवाय मिरवणूक पुरी होत नाही, सहाव्याशिवायही नाही.

पद्मशाली वस्ती शहरात फुगली ती माग आणि गिरण्यांबरोबर. जुनी गिरण १८७० च्या दशकातली. तोवर मान वाटून झाले होते. त्या समाजाचा स्वतःचा मोठा सोहळा आहे, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव. त्यालाही चौकट द्या, नाहीतर तेलुगू घरांना वाटेल आपल्याला यात्रेच्या कोपऱ्यात उभं केलं. गड्ड्याचं सांगायचं तर होम मैदानावरचे पाळणे, खेळ, खेळण्यांचे आणि खाण्याचे स्टॉल, आणि विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वराजवळ भरणारा जनावरांचा बाजार, इथे चारही भाषा कानावर पडतात. मान एका चौकटीत आणि बाजार दुसऱ्या चौकटीत, असं वेगळं मांडलंत की शीर्षक आपोआप खरं ठरतं.

काठी_सराव

फोटोंबद्दल सावध राहा. नेटवर ‘सिद्धेश्वर यात्रा’ शोधलं की कर्नाटकातल्या विजयपूरचीही (विजापूर) येते. तिथेही संक्रांतीलाच जत्रा, तिथेही नंदीकोल, म्हणजे तशाच काठ्या. मंगळवेढ्याजवळच्या माचणूरच्या सिद्धेश्वराचे फोटोही मिसळतात, पण तिथे भीमेचा काठ आणि घाट दिसतो. आपल्याकडचा ओळखायचा तर पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) आणि तलावामधलं मंदिर बघा. होमाच्या दिवसाचा फोटो असेल तर पहिल्या नंदीध्वजाला नागफणी (नागाचा फणा) बांधलेली दिसेल. बाकीच्या दिवशी ती नसते. नागफणीचा फोटो अक्षता सोहळ्याच्या मजकुराशेजारी लावला तर जाणकार लगेच हसतील.

नंदीध्वज कसा पेलतात यावर चार ओळी जरूर घाला, सगळे लेख ते गाळतात. काठी वेळूची, दुमजली घराच्या वर जाणारी. साज चढवला की बाशिंग, खोबऱ्याचे हार, फुलं हे सगळं वजन वरच्या बाजूला येतं. एक जण ती उभी पेलून चालतो. वारा कापडात भरला की टोक आधी हलतं आणि पेलणाऱ्याला ते कमरेत उशिरा कळतं. म्हणून नजर पायाकडे न ठेवता वर टोकाकडे ठेवावी लागते, आणि म्हणूनच रस्त्यातला खड्डा किंवा नव्याने उचललेला गतिरोधक घात करतो. बदली माणूस शेजारीच चालतो. सूचना मास्तरांच्या, बाकी कुणी ओरडायचं नाही. डोक्यावरून गेलेल्या केबल आणि झाडाच्या फांद्या ही दुसरी अडचण, त्यांची पाहणी यात्रेआधीच उरकावी लागते. सराव आधीचे कितीतरी दिवस रात्री चालतो. फोटो काढायला सरावाची रात्र बरी, गर्दी नसते आणि पकड नीट दिसते.

भाकणूकही घ्या. होमानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलं देशमुखांचं वासरू आणतात. ते मूत्र विसर्जन करतं का, कोणत्या धान्याला तोंड लावतं, बिथरतं का, यावरून पाऊस आणि भाव सांगतात. ‘अशी श्रद्धा आहे’ एवढं जोडा आणि पुढे चला.

बाळीवेसकर

एक राहिलं. १९३० च्या मे-जूनमध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, ऐन संक्रांतीच्या तोंडावर. यात्रेच्या इतिहासाचा हा भाग नव्हे, तेव्हा मजकुरात ओढून आणू नका. पण संक्रांत १४ ला असली की यण्णीमज्जन आणि हुतात्मा दिन एकाच तारखेला येतात. स्मरणिकेत कार्यक्रमपत्रिका छापणार असाल तर त्या ओळीला चारही नावं द्या.

पत्रिका करताना वेळा छापू नका, ‘दुपारी’ एवढंच लिहा. काठ्या वाड्यातून निघून दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असं येतात आणि चौकाचौकात पूजेला थांबतात, त्यामुळे अक्षतांना तास-दीड तास इकडेतिकडे होतोच. सोसायटीतून ज्येष्ठांना नेणार असाल तर रिक्षा पार्क चौकापर्यंत धरा, पुढचं चालत. संमती कट्ट्यासमोर जागा हवी तर सकाळी साडेदहाच्या आत पोचा.

होटगीरोड_४

चौकटी तीन झाल्या: मान, गड्डा आणि रथोत्सव. ‘अखंड’ काढला. दुसऱ्या पानावर विजयपूरचा एक फोटो खरंच आला होता, तोही काढला.