मदत हवी आहे: वादविवाद स्पर्धेत "गोवा १९६१" ला उत्तर कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची एफवायबीएला आहे. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला इंटरकॉलेज वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय आलाय "परराष्ट्र धोरणात वाटाघाटींपेक्षा लष्करी बळ जास्त कामाला येते". चिठ्ठीत तिला विरोधी बाजू मिळाली. घरात राजकारणावर सगळ्यात जास्त बडबड मी करते म्हणून तयारी माझ्या गळ्यात पडलीये.

अडचण अशी की आम्ही वेंगुर्ल्याचे, गोवा हाकेच्या अंतरावर, आणि समोरचा पहिल्या मिनिटाला काय काढणार ते मला आत्ताच दिसतंय. चौदा वर्षं बोलत बसलात, काय मिळालं? सैन्य घुसलं आणि दोन दिवसांत काम फत्ते! टाळ्या त्यालाच पडणार, परीक्षक पण इकडचेच असणार ना.

इराक तिने बसवलाय. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचे पुरावे दाखवतात, युनोचे शस्त्रतपासणी प्रमुख ब्लिक्स यांचे तपासनीस अजून वेळ मागतायत, मार्चमध्ये हल्ला, आणि ती शस्त्रं शेवटपर्यंत सापडतच नाहीत. पण इराक लांबचं, इथल्या श्रोत्यांना गोवाच भिडणार.

तर गोव्याचं मी जे जमवलंय ते असं. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने पोर्तुगालला बोलणी करू म्हणून कळवलं, तिथला हुकूमशहा सालाझार याचं उत्तर काय तर गोवा ही वसाहत नाहीच, पोर्तुगालचाच भाग आहे, मग बोलायचं कशावर. १९५३ ला आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही हद्द ओलांडून आत गेले आणि गोळीबारात वीसच्या वर माणसं मेली, बांद्याहून गोव्यात शिरताना पत्रादेवीला स्मारक लागतं ते त्यांचंच. मग आपण हद्द बंद केली, नाकेबंदी. माझी आजी आरोंद्याची, तिची सख्खी बहीण पेडणे तालुक्यात दिलेली, मध्ये फक्त तेरेखोलची खाडी. बहिणीच्या मुलीचं लग्न होऊन गेलं ते आजीला एका होडीवाल्याकडून कळलं. त्यामुळे चर्चा चालू होती म्हणजे सगळं आलबेल होतं असं मी तरी म्हणणार नाही, त्या वर्षांची किंमत इथल्या माणसांनी मोजलीये.

पण माझं म्हणणं असं की १९६१ ला सैन्याला जे जमलं ते आधीच्या बोलाचालीच्या जोरावर. डिसेंबर १९६० मध्ये युनोच्या महासभेने पोर्तुगालच्या वसाहतींची यादी केली त्यात गोवा होता, म्हणजे सालाझारचं पालुपद तिथेच निकालात निघालं. पोर्तुगाल नाटोत (अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीत) होता, पण नाटोच्या संरक्षणाच्या हद्दीत गोवा येतच नव्हता. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी आपल्याविरुद्ध ठराव आणला, त्याला सात मतं पण मिळाली, तरी रशियाच्या व्हेटोने तो पडला, आणि विरोधात सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त पण उभे राहिले. हे सोबती काही तोफा डागून मिळाले नव्हते.

हे पटतं का? की पळवाट वाटते? भाची म्हणते, "आत्या, शेवटी घेतलं सैन्यानेच ना." आता यावर काय बोलू.

अजून एक, ह्यांनी विजयदुर्गाचा मुद्दा सुचवलाय. १७५६ ला पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांना वठणीवर आणायला इंग्रजांना सोबत घेतलं, तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला आणि इकडे वॉटसन आणि क्लाइव्हनी किल्ल्यावर मारा केला, आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. घ्यावा का?

शिडाची होडी: विजयदुर्ग नको. तो घरातला तंटा होता, "हे परराष्ट्र धोरण कसं?" म्हणून समोरचा एका वाक्यात उडवेल आणि वेळ फुकट जाईल. त्यापेक्षा गोव्यातच वासालो इ सिल्व्हा घ्या. गव्हर्नरला सालाझारचा हुकूम होता शेवटपर्यंत लढायचा, त्याने १९ तारखेला शरणागती पत्करली. बाहेरून मदतीला कोणी येणार नव्हतं. का येणार नव्हतं ते तुम्ही वर लिहिलंयच की, ते त्याच्याशी जोडा.

मांडवकर: ताई, पाँडिचेरी खंय गेली तुमची? तेच नेहरू, तेच दशक, समोर फ्रान्स. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार आपल्याकडे आला, १९५६ ला करार, १९६२ ला फ्रेंचांचं शिक्कामोर्तब. सैन्य पाठवायची वेळच आली नाही. आणि ताजं हवं तर २०१५ ला बांगलादेशशी १६२ छिटमहलांची (एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या जमिनीच्या तुकड्यांची) अदलाबदल. त्याआधी २०१४ ला बंगालच्या उपसागराच्या वादात लवादाने मोठा हिस्सा बांगलादेशला दिला आणि आपण तो निकाल मान्य केला. समुद्राची हद्द आहे, मच्छीमारांच्या पोरांना लगेच कळेल.

धागाकर्ती: दोघांचे आभार, विजयदुर्ग काढून टाकला (हे रुसलेत, रुसू देत). पाँडिचेरी लक्षातच नव्हती, आता सुरुवातच त्याने करतोय. पण त्यावर समोरचा म्हणेलच की फ्रान्स तयार झाला, सालाझार झाला नाही, म्हणजे समोरचा अडून बसला की बंदूकच. भाचीने ठरवलंय की हे सरळ मान्य करायचं, गोव्यात शेवटी सैन्य लागलं, पण एकटं सैन्य पाठवलं असतं तर सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूने कोण उभं राहिलं असतं ते सांगा, असं उलट विचारायचं. मला आवडलं हे.

आता उरलं १९७१ चं बांगलादेश युद्ध, ते निघणारच. तिच्याकडे ९ ऑगस्टचा रशियाशी करार आणि युद्धाआधी इंदिरा गांधींनी केलेला पाश्चात्य देशांचा दौरा एवढंच आहे. कोणी कडक उलटतपासणी घेणार असेल तर प्रश्न इथेच टाका, रात्री जेवणं झाली की ती बसून उत्तरं लिहील. सौम्य प्रश्न नकोत, तिला रडू आलं तरी चालेल.