अनुभव धागा: युनियनचं नेतृत्व, बाईचं आणि पुरुषाचं

1918च्या अहमदाबाद गिरणी लढ्यात अनसूया साराभाई मजुरांच्या बाजूनं उभ्या होत्या आणि समोर गिरणीमालक म्हणून त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल. तरी 'बायकांना युनियन झेपेल का' हे आजही ऐकू येतंच. सिटू या देशपातळीवरच्या कामगार संघटनेच्या अध्यक्षपदी पहिली महिला, के. हेमलता, यायला 2016 उजाडलं. तुमच्याकडे काय घडलं? सिद्धांत नकोत, पाहिलेलं लिहा.

परिचारिका: सभासद बहुतेक बायका, कार्यकारिणीत बहुतेक पुरुष. कारण सभा रात्री उशिरा व्हायच्या. नव्या सरचिटणीस ताईंनी आल्या आल्या वेळ बदलली. आता पाळी बदलताना वॉर्डाजवळच अर्धा तास बसतो. भाषणं आटली, तक्रारी बाहेर आल्या. रात्रपाळीला वाहन, कपडे बदलायला खोली हे आधी कुठल्याच मागणीपत्रकात नव्हतं. जुनी मंडळी म्हणतात सभेत पूर्वीचा दम नाही. नसेल. वाहन मात्र सुरू झालं.

कारखाना कामगार (पुरुष): आमचे जुने अध्यक्ष टेबलावर मूठ आपटायचे. त्यांच्यानंतर आलेल्या मॅडम ओव्हरटाइमचे हिशेब घेऊन बसायच्या. पहिल्या वाटाघाटीत प्रश्न त्या विचारत होत्या आणि व्यवस्थापन उत्तरं मला देत होतं! मी नुसता सहचिटणीस. पण खरं सांगायचं तर टाळेबंदीची धमकी आली तेव्हा गेटवर जुन्या अध्यक्षांचाच आवाज कामाला आला. मॅडमनीच त्यांना बोलावलं होतं.

बँक कर्मचारी (स्त्री): 'बायका सगळ्यांना समजुतीनं घेतात' हे मला पटत नाही. आमच्या सचिव बाई कुणाला बोलूच देत नसत. त्यांच्याआधीचे साहेबही तसेच, पण त्यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम कुणी काढली नाही. बाईंविरुद्ध वर्षाच्या आत निघाली. सही मीही केली नाही. करार चांगला आणला होता त्यांनी.

कंत्राटी सफाई कामगार: मला 'महिला आघाडी' दिली. म्हणजे आठ मार्चचा कार्यक्रम आणि मोर्चात पुढची रांग. वाटाघाटीच्या समितीत जागा नाही. करार झाला तेव्हा आमचंच कलम वगळलेलं, "पुढच्या वेळी बघू." इला भट्ट यांची 'सेवा' ही कष्टकरी बायकांची युनियन 1972 साली मजूर महाजन या अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या युनियनच्या महिला विभागातूनच निघाली आणि 1981मध्ये वेगळी झाली, ती का हे तेव्हा कळलं. आमची वेगळं व्हायची ताकद नाही. या निवडणुकीत खजिनदारपदाला अर्ज भरलाय. वर्गणी गोळा करतो आम्हीच, हिशेबही आम्हीच ठेवू.