मदत हवी आहे: १९९४ च्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा शोधायचा कुठे?

कोपऱ्यातलं घर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. रीसेलचा दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवलाय. दुसरा मजला, १९९४ ची इमारत, सोसायटी नोंदणीकृत. घर आवडलं, भावही जमला, आणि मग बँकेच्या वकिलांची यादी आली: मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेली इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला). मालकांकडे यातलं काहीच नाही. ते स्वतः तिसरे खरेदीदार. त्यांनी कर्ज काढलं नव्हतं, त्यामुळे कुणी कधी मागितलंच नाही. सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणतात, "बिल्डरने दिलंच नाही, आणि बिल्डर आता आहे कुठे?" एजंटचं म्हणणं, "मॅडम, तीस वर्षं घरपट्टी भरली जातेय, आणखी काय पुरावा हवा?"

महापालिकेत दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा पत्ता सांगितला, तर "फाइल नंबर काय?" दुसऱ्यांदा सोसायटीचं नाव दिलं. खिडकीवरच्या गृहस्थांनी संगणकात बघून "नोंद नाही" असं सांगितलं. हे लेखी द्याल का म्हटलं तर नुसते हसले.

तर प्रश्न असे. फाइल नंबर नसताना शोध सुरू कुठून करायचा? मी अजून मालक नाही, मला ही कागदपत्रं मागता येतात का? आणि त्या वेळी कुणी अधिकारी जागेवर येऊन काही तपासून गेला असेल, तर ते कुठे लिहिलेलं असतं का? शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पायाड

एजंटचं ते वाक्य प्रत्येक धाग्यावर येतं. घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे. बांधकाम अनधिकृत असलं तरी कर लागतोच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७अ खाली अशा बांधकामावर वर शास्ती, म्हणजे दंड, लावायचीही तरतूद आहे. करआकारणीच्या उताऱ्याचा उपयोग एवढाच, की पहिली आकारणी कुठल्या वर्षी झाली ते कळतं. तेवढ्यापुरता जरूर काढा.

जुनं दप्तर

ताई, नगररचनेच्या कार्यालयात २८ वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पत्त्यावर किंवा सोसायटीच्या नावावर काही सापडणार नाही. परवानगी मागितली तेव्हा सोसायटी जन्मालाही आली नव्हती. रस्त्याचं नाव नंतर पडलं, इमारतीचं नाव बिल्डरने विक्रीच्या वेळी ठेवलं. आमच्याकडे फाइल लागते ती जमिनीवर: गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा. जुन्या शहरात सिटी सर्व्हे नंबर, नगररचना योजनेत अंतिम भूखंड क्रमांक. आणि अर्जदाराचं नाव. अर्जदार बहुतेक वेळा बिल्डर नसतो. मूळ जमीनमालक असतो आणि त्याच्या तर्फे कुलमुखत्यारधारक म्हणून बिल्डर. संगणकात तुम्ही बिल्डरचं नाव शोधत बसलात तर जन्मभर "नोंद नाही".

हे सगळं मिळायची जागा म्हणजे पहिला करारनामा, म्हणजे बिल्डर आणि पहिला फ्लॅटधारक यांच्यातला. १९६३ च्या मोफा, म्हणजे मालकी फ्लॅटच्या कायद्यातच आहे की करारनाम्याला टायटलचा दाखला, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेची प्रत आणि मंजूर नकाशा जोडायचा. तो करार मालकांकडे नसेल तर त्यांच्या स्वतःच्या खरेदीखतात आधीच्या दस्ताचा क्रमांक आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय लिहिलेलं असेल. तिथून प्रमाणित नक्कल काढा. स्थावर मिळकतीच्या नोंदणीकृत दस्ताची नक्कल कुणालाही मिळते, तुम्ही मालक असण्याची गरज नाही.

तपासणीचं विचारलंत ते चांगलं केलंत, सहसा कुणी विचारत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या नस्तीला, म्हणजे फाइलला, दोन बाजू असतात, टिपणी (कार्यालयातल्यांनी लिहिलेले शेरे) आणि पत्रव्यवहार. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन आला की स्थळपाहणीची नोंद टिपणीत लिहितो. जोत्यापर्यंत, म्हणजे पायाच्या वरच्या पातळीपर्यंत, बांधकाम आलं की जोते तपासणीचा दाखला असतो. भोगवट्याचा अर्ज आला की पुन्हा पाहणी. आणि भोगवटा नाकारला असेल तर तो कशासाठी, हेही त्याच पानांवर. "जिन्याची रुंदी कमी", "सामासिक अंतरात बांधकाम" (म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत), अशा एकेका ओळीत. लोक फक्त शेवटचा दाखला मागतात आणि तो नाही म्हटलं की घरी जातात. खरी गोष्ट टिपणीत असते.

सरळ मुद्दा

एवढं कशाला? एखादा आर्किटेक्ट गाठा, त्यांची आत ओळख असते, दोन दिवसांत झेरॉक्स हातात.

जुनं दप्तर

झेरॉक्स मिळेल. ती खरी आहे हे बँकेला कोण सांगणार? प्रमाणित प्रतीवर शिक्का आणि सही असते, पैसे त्यासाठी भरायचे. ओळखीने आलेल्या "मंजूर" नकाशावर दुसऱ्याच इमारतीचा प्रकरण क्रमांक मी या डोळ्यांनी पाहिलाय.

खिडकी नंबर ४

माझा अनुभव. माहिती अधिकाराच्या अर्जात मी आधी "भोगवटा प्रमाणपत्राची प्रत द्यावी" एवढंच लिहिलं होतं. उत्तर आलं, "सदर माहिती उपलब्ध नाही." बरोबरच आहे, कारण प्रमाणपत्र दिलंच नव्हतं. दुसऱ्या अर्जात लिहिलं, "सर्व्हे नं. अमुक, हिस्सा तमुक यावरील बांधकाम परवानगीची संपूर्ण नस्ती टिपणीसह अवलोकनासाठी उपलब्ध करावी." अवलोकनाचा, म्हणजे फाइल तिथेच बसून बघायचा, हक्क कायद्यातच आहे, कलम २(ञ). पहिल्या तासाला शुल्क नाही. मी दीड तास बसून १४० पानं चाळली, त्यातली नऊ घेतली. सगळीच्या सगळी प्रत मागितली असती तर नकाशांच्या मोठ्या कागदाचा खर्च लागला असता आणि वाचायचं काय ते कळलंही नसतं.

तुमच्या मालकीच्या प्रश्नावर: अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२). अर्जाचं शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, तेव्हा गाऱ्हाणं लिहू नका, फक्त काय हवं ते लिहा. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

पायाड

आणि "नस्ती आढळून येत नाही" आलं तर?

खिडकी नंबर ४

तर गप्प बसू नका. नस्ती हरवली हे माहिती नाकारायचं कारण कायद्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच म्हटलंय: शोधा, जबाबदारी ठरवा. आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहेच.

जुनं दप्तर

त्यात माझी भर. अपिलात दोन गोष्टी मागा. ही नस्ती कुठल्या वर्गात ठेवली होती, आणि नष्ट केली असेल तर नाश नोंदवहीतली नोंद. आमच्याकडे अ वर्ग म्हणजे कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, असं वर्गीकरण असतं. नोंदवहीचं नाव काढलं की पुष्कळदा नस्तीला पाय फुटून ती परत येते.

कोपऱ्यातलं घर

नऊ दिवसांनी लिहितेय. पहिल्या कराराची नक्कल मिळाली! सर्व्हे नंबर, हिस्सा, मूळ मालकांची नावं, सगळं त्यात आहे. नकाशा जोडलाय, पण ब्लूप्रिंटची फोटोकॉपी, तीही स्कॅन केलेली. काळ्या पानावर काळ्या रेघा. मजकुरात एवढंच, "सक्षम प्राधिकाऱ्याने नकाशे मंजूर केले आहेत." कोण प्राधिकारी ते नाही, क्रमांक नाही, तारीख नाही. सर्व्हे नंबर घेऊन पालिकेत गेले. पुन्हा नोंद नाही.

जुनं दप्तर

ताई, एक साधा प्रश्न आधीच विचारायला हवा होता, माझी चूक. १९९४ साली ते गाव महापालिकेत होतं का?

कोपऱ्यातलं घर

नाही! सेक्रेटरी काकांना फोन करून विचारलं. तेव्हा ग्रामपंचायत होती, हद्दीत नंतर आलं.

जुनं दप्तर

मग खिडकीवरचा माणूस खरं बोलत होता. पुण्याचंच बघा, २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पालिकेत आली. तिथल्या आधीच्या इमारतींना परवानगी पालिकेने दिलेली असूच शकत नाही. तुम्ही योग्य कागद चुकीच्या दारात मागत होतात.

तेव्हाची पद्धत अशी. गावठाणाबाहेरची शेतजमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४४ खाली बिनशेतीचा अर्ज. नकाशे नगररचना कार्यालयाकडे अभिप्रायाला. मग बिनशेती आदेश, आणि बांधकामाच्या नकाशांना मंजुरी पुष्कळदा त्याच आदेशात. त्या आदेशाची नोंद सातबाऱ्यावर फेरफाराने, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या नोंदीने, चढते. म्हणून आता इमारतीचा नाद सोडा आणि जमिनीचा माग काढा. जुना सातबारा बघा, त्यावर वर्तुळात फेरफार क्रमांक असतात. १९९३ ते ९५ च्या आसपासचा फेरफार काढा, त्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक मिळेल. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल.

एक सावधगिरी. कुणी ग्रामपंचायतीच्या दाखल्याचा कागद पुढे केला तर त्यावर समाधान मानू नका. गावठाणाबाहेरच्या चार मजली इमारतीला तेवढ्यावर मंजुरी धरली जात नाही.

सरळ मुद्दा

महारेरावर (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाच्या संकेतस्थळावर) का नाही बघत? तिथे मंजूर नकाशे असतात की.

पायाड

ते १ मे २०१७ ला अपूर्ण असलेल्या आणि त्यानंतरच्या प्रकल्पांचं. १९९४ ची इमारत तिथे कशी असेल?

तळमजला

मधेच घुसतोय. इमारत तीस वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही सोसायटीकडे मागा. पालिका हद्दीत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली तो बंधनकारक आहे. जुन्या परवानगीच्या शोधात आजच्या खांबांकडे दुर्लक्ष नको.

कोपऱ्यातलं घर

मंडळी, पाच आठवड्यांनंतरचा वृत्तांत. फेरफार मिळाला. सुंदर वळणदार अक्षर, शेवटी बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि तारीख. त्यावर जिल्हाधिकारी कार्यालयात १० रुपयांचा अर्ज, अवलोकनच मागितलं. २६ व्या दिवशी बोलावणं आलं. बांधलेला गठ्ठा समोर ठेवला, वर इंचभर धूळ. तिथल्या बाईंनी स्वतःहून फडकं दिलं आणि नकाशा उलगडायला मदतही केली, हे मुद्दाम लिहिते.

आदेश आहे, तळमजला आणि वर तीन मजले, म्हणजे मजले जुळतात. मूळ मंजूर नकाशा शिक्क्यासह आहे. टिपणीत जोत्याच्या पाहणीची नोंद आहे. त्यानंतर इमारत पूर्ण झाल्याचा अर्जच नाही. नाकारलेला नाही, केलेलाच नाही. खिडकी नंबर ४ म्हणतात तसं नुसतं भोगवटा मागितला असता तर "उपलब्ध नाही" एवढंच हाती आलं असतं.

आता खरी गंमत. मोबाइलमधला फ्लॅटचा फोटो आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून दार, खिडकी, बेसिन जुळवत गेले. जिथे आमची दुसरी बेडरूम आहे, म्हणजे मी जिथे मुलीचं टेबल मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं, तिथे नकाशात तुटक रेघ आहे आणि लिहिलंय "लगतची उघडी गच्ची". पहिला आणि तिसरा मजलाही तसाच. म्हणजे कागदावर हा एका बेडरूमचा फ्लॅट.

मालकांना सांगितलं. ते खरंच हादरले. त्यांनी घेतला तेव्हा ती खोली होतीच, भिंतीला रंगही तोच.

जुनं दप्तर

ताई, तुम्ही नकाशा उशाशी घेऊन घर पाहिलंत, आमच्यातले कित्येक तेवढं करत नाहीत. प्रमाणित प्रत काढलीत ना? ती आधी बँकेच्या वकिलांना दाखवा, मगच भावाचं बोला. खोली नियमित होईल की नाही हे आज चटई क्षेत्र (त्या जमिनीवर किती बांधता येतं त्याची मर्यादा) शिल्लक आहे का यावर ठरेल, आणि ते आता महापालिकेकडेच, कारण गाव आता त्यांचं.

खिडकी नंबर ४

आणि इसार दिला असेल तर पावतीवर काय लिहिलंय ते बघा.

कोपऱ्यातलं घर

इसार दिलेला नाही, नशीब. प्रमाणित प्रती हातात आहेत. वकिलांकडे परवा जातेय. मालकही बरोबर येतो म्हणालेत. ती खोली एकट्या फ्लॅटधारकाला नियमित करून घेता येते की अख्ख्या सोसायटीचा एकच अर्ज लागतो, हे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लिहा. तिन्ही मजल्यांवरच्या लोकांना अजून काही माहीत नाही, आणि सेक्रेटरी काका पहिल्या मजल्यावर राहतात.