गोवर होऊन गेला तेव्हापासून पोरगी सारखी आजारी, हे गोवरामुळे की लशींमुळे?

कल्याणची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी सव्वा वर्षाची आहे. नवव्या महिन्याची एमआर (गोवर-रुबेलाची लस) राहिली, त्या आठवड्यात सर्दी होती म्हणून पुढे ढकलली, मग गावी गेलो, मग नणंदेचं लग्न, आणि कार्ड कपाटातच राहिलं (चूक माझीच, शिव्या घालू नका). अकराव्या महिन्यात गोवर निघाला. आधी तीन-चार दिवस ताप, डोळे लालभडक, मग कानामागून पुरळ सुरू झालं ते पार पोटापर्यंत. सासूबाई म्हणाल्या निघू दे सगळा, एकदा निघाला की पोर पक्कं होतं. कसलं पक्कं! त्यानंतरच्या चार महिन्यांत दोनदा कान फुटला, एकदा न्यूमोनियाने ॲडमिट, जुलाब तर मोजायचे सोडले. आधी असं नव्हतं हो. जाऊबाई म्हणतात दीड-दोन महिन्यांची असल्यापासून इतक्या सुया टोचल्या म्हणून प्रतिकारशक्ती मेली. दीर म्हणतो गोवरामुळे. खरं काय? आणि आता ती राहिलेली एमआर द्यायची, की गोवर होऊन गेलाय म्हणून गरजच नाही?

सूक्ष्मदर्शी
दिराला एक चहा पाजा माझ्याकडून. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायॉलॉजी केलंय, तेवढ्यावर सांगतो. गोवराचा व्हायरस नुसता ताप-पुरळ देऊन जात नाही. आधी होऊन गेलेले आजार ज्या पेशी लक्षात ठेवतात, मेमरी सेल्स, नेमका त्यांच्यातच तो घुसतो आणि मग गोवर संपवायचा तर शरीराला आपल्याच त्या पेशी माराव्या लागतात. गोवर हटतो पण जुनी ओळखही बरीचशी पुसली जाते. याला इम्यून ॲम्नेशिया म्हणतात, म्हणजे प्रतिकारशक्तीला विसर पडणं.

नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणाने लस न घेणाऱ्या वस्तीतली ७७ मुलं होती, त्यांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं (२०१९ साली छापून आलं). इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडीज (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) कुणाच्या ११ टक्के गेल्या होत्या तर कुणाच्या ७३ टक्के. आणि भरून यायला वेळ लागतो, महिने नाही, कधी दोन-तीन वर्षंसुद्धा. मधल्या काळात तोच जुना सर्दी-खोकला शरीराला नव्याने शिकायला लागतो.

गंमत म्हणजे सासूबाईंचं 'निघू दे' अगदीच टाकाऊ नाही. पुरळ हीच मुळी टी-सेल्स (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) कातडीतल्या बाधित पेशींवर तुटून पडल्याची खूण. ज्यांची प्रतिकारशक्ती पारच ढासळलेली असते त्यांना गोवर होऊनही कधी कधी पुरळ येतच नाही, आणि ते जास्त वाईट. फक्त पोर पक्कं होतं ते गोवरापुरतं.

निवृत्त_सिस्टर
अगं बाई, तीस वर्षं पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काढली मी. हे इंग्लिश नाव आत्ता कळलं, पण आमच्यातली जुनी माणसं म्हणायचीच की गोवर सांभाळायचा तो उतरल्यावर. पोर तापातून उठायचं, घरचे निश्चिंत व्हायचे आणि महिन्याभराने तेच पोर धाप लागलेलं घेऊन यायचे.

एमआर द्यायचीच. गोवर झाला असला तरी त्यात रुबेला पण आहे, तो थोडाच झालाय? आता एक आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, मधे निदान महिना जाऊ दे. साध्या सर्दीसाठी लस कधी पुढे ढकलायची नसते हे पण लक्षात ठेव. गोवरात व्हिटॅमिन एचे दोन डोस दिले होते का, लागोपाठ दोन दिवस? ते कार्डावर बघ, पण आता आपल्या मनाने काही पाजू नकोस, जास्त झालं तर बाधतं. आणि न्यूमोनिया होऊन गेलाय तर बालरोगतज्ज्ञांना वजनाचा तक्ता घेऊन एकदा नीट दाखव, सगळं गोवरावर ढकलून मोकळं होऊ नये.

खडूस_काका
एक मिनिट. एमआरमध्ये पण जिवंत व्हायरसच असतो ना? मग तो नाही का खाणार मेमरी? जाऊबाईंचा मुद्दा अगदीच उडवून लावू नका.

सूक्ष्मदर्शी
काका, प्रश्न रास्त आहे. व्हायरस जिवंत असतो पण दात काढलेला. १९५४ साली बोस्टनजवळच्या शाळेतल्या डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या मुलाकडून मिळालेला गोवराचा व्हायरस, तो लॅबमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला. आपल्या पुण्याच्या सीरमच्या एमआरमध्येही त्याच घराण्यातला एडमन्स्टन-झाग्रेब आहे. त्या २०१९ च्या अभ्यासात लस घेतलेली मुलंही तपासली होती, त्यांच्यात अँटीबॉडीज अशा पुसल्या गेल्या नव्हत्या.

तुम्हाला अर्धा मार्क मात्र द्यायला लागेल. लशीनंतर थोडे दिवस प्रतिकारशक्ती किंचित दबते, म्हणूनच टीबीची स्किन टेस्ट (ती प्रतिकारशक्तीच्या कातडीवरच्या प्रतिसादावरच चालते) राहिली असेल तर ती महिना-दीड महिना थांबून करतात. खऱ्या गोवरात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते हे व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरने १९०८ सालीच लिहून ठेवलंय, टीबी असलेल्या मुलांची टेस्ट गोवर निघाला की गप्प व्हायची.

आणि बाकीच्या सुयांचं म्हणाल तर पेंटा (एकाच सुईत पाच आजारांची लस), पोलिओ वगैरे शरीराला एकेक नवीन तोंड ओळखायला शिकवतात, असलेली ओळख पुसत नाहीत.

खडूस_काका
अर्धा तर अर्धा. मग नऊ महिने थांबतात कशाला, जन्मतःच द्या की.

निवृत्त_सिस्टर
आईकडून आलेल्या अँटीबॉडीज बाळाच्या अंगात असतात हो, त्या लशीलाच मारतात, सुई फुकट जाते. म्हणून त्या उतरायची वाट बघायची. साथ जोरात असली तर मात्र सहा महिन्यांपासूनच जादा डोस देतात, २०२२ ला मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा काढलाच होता तसा आदेश. तो डोस हिशेबात धरत नाहीत, नवव्या महिन्याचा परत द्यायचाच.

कल्याणची_आई
थँक्यू सगळ्यांना. काल देऊन आणली. रडून सगळं आरोग्य केंद्र डोक्यावर घेतलं, मग आशाताईंच्या हातातला पेन हिसकावला आणि गप्प. आठवड्याभराने थोडा ताप येऊ शकतो म्हणाल्या. व्हिटॅमिन एचा एकच डोस लिहिलाय कार्डावर, ते उद्या डॉक्टरांना विचारते, वजनाचा तक्ता पण घेऊन जाते. घरी हे सगळं वाचून दाखवलं, त्यातलं 'निघू दे अगदीच टाकाऊ नाही' एवढंच सासूबाईंनी ऐकलं, सकाळपासून तिघींना फोन करून सांगून झालंय.