शंभरपर्यंत म्हणता येतं, मग सात चिंचोके का मोजता येत नाहीत?

प्रश्न असा आहे की साडेचार वर्षांचं मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणतं, पण ‘सात चिंचोके दे’ म्हटलं की मूठभर आणून देतं. यात मुलाचं काहीच चुकत नाही. म्हणणं ही पाठ केलेली चाल, मोजणं वेगळं. बोट चौथ्या चिंचोक्यावर असतं आणि जीभ सहावर पोचलेली असते.

उपाय साधा आहे. जमिनीवर खडूने दोन घरं आखा. पाच चिंचोके डाव्या घरात ठेवा. एक उचलायचा, उजव्या घरात ठेवायचा आणि ठेवतानाच आकडा म्हणायचा. नुसतं बोट लावून मोजलं तर एखादा सुटतो, गोल मांडले तर पहिलाच पुन्हा मोजला जातो. सरकवला की दोन्ही टळतं. मग विचारा, ‘किती झाले?’ मूल परत एकपासून सुरू करत असेल, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून उमगलेलं नाही. तोवर पाचाच्या पुढे जाऊ नका, कितीही दिवस लागोत. जमलं की तेच पाच लांब लांब पसरून पुन्हा विचारा. ‘जास्त झाले’ म्हणालं तर खोडू नका, त्यालाच मोजू द्या.

एका वेळी चार-पाचच मुलं घ्या. तीन वर्षांखालच्यांना चिंचोके अजिबात नकोत, नाकात किंवा घशात जातात, वाट्या द्या.

आणि एकोणतीससारख्या मोठ्या आकड्यांची घाई कशाला? आपल्या मराठीत एकोणतीस म्हणजे एक उणा तीस, तो तिसावरून ओळखायचा असतो, मोठ्यांचीही तिथे गफलत होते.