बंपर बदलण्याआधी एवढं बघा

पार्किंगमधल्या खांबाला लागून मागच्या बंपरला पोचा आलाय, रंग शाबूत आहे, तरी सर्व्हिस सेंटरवाले ‘नवीनच टाका’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. हल्लीचे बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात, गरम झाले की मऊ पडतात. पोच्यावर उकळतं पाणी हळूहळू ओता, जाड हातमोजे घालून आतून दाबा. पुष्कळदा टक्‌कन बाहेर येतो. मग लगेच गार पाणी ओता. आतून हात पोचत नसेल तर चाकाजवळचे स्क्रू आणि क्लिपा काढून बंपर थोडा सैल करावा लागतो.

मात्र आधी टेललाइटखालची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का पाहा. एकीकडे जास्त असेल तर आतला बंपर धरून ठेवणारा ब्रॅकेट तरी तुटलाय किंवा बंपरचे लॉक. ब्रॅकेट वेगळा मिळतो. साध्या चिरेला प्लास्टिक वेल्डिंग चालतं. चीर सेन्सरच्या भोकापाशी असेल किंवा लॉकच तुटले असतील, तर मी सरळ बदलेन.

विम्याच्या क्लेमचं म्हणाल, तर झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसल्यास प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीची वजावट, म्हणजे तेवढे तुम्हीच भरायचे. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो वेगळाच. तो ५० टक्क्यांवर पोचलेला असेल तर एवढ्याशा पोच्यासाठी घालवू नका, खिशातून केलेलं परवडेल. तुमचा सध्या किती टक्के आहे?